सगळी माणसं एकाच मातीची का? आद्य ख्रिस्ती विचारातला इच्छास्वातंत्र्याचा वाद

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात आणि रोममध्ये काही ख्रिस्ती आचार्य असं शिकवत होते की इच्छास्वातंत्र्य सगळ्या माणसांना मिळालेलं नाही. ज्यांना मिळालंय ती माणसं मधल्या दर्जाची. त्यांच्या वरच्यांना निवड करावीच लागत नाही आणि खालच्यांना ती करताच येत नाही.

थिओडोटस नावाच्या आचार्याच्या वचनांत हे मत स्वच्छ सापडतं. त्याची वचनं टिकली ती त्याच्या विरोधकामुळे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटने ती आपल्या टिपणांत उतरवून ठेवली होती. आत्मिक माणसाचा उद्धार त्याच्या प्रकृतीतच आहे, जड माणसाचा नाशही त्याच्या प्रकृतीतच आहे, असं थिओडोटस सांगतो. या दोघांच्या मध्ये प्राणमय माणूस. विश्वासाकडे वळायचं की अविश्वासाकडे, हे फक्त त्याच्या हातात असतं. पुढे हिशेबही दिलाय: जड पुष्कळ, प्राणमय फार नाहीत, आत्मिक मोजकेच.

इच्छास्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गातले प्रश्न आठवतात. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माझी निवड खरी कशी? आद्य ख्रिस्ती लेखकांनाही हे प्रश्न पडले. पण थिओडोटससारख्या नॉस्टिकांशी त्यांचं जे भांडण झालं त्याच्या मुळाशी, मला वाटतं, दुसराच प्रश्न होता: माणसं सगळी एका प्रकारची की वेगवेगळ्या? ज्या देशात जन्मावरून दर्जा ठरवण्याची इतकी जुनी सवय आहे, तिथल्या वाचकाला या भांडणाची धग कळायला वेळ लागू नये.

नॉस्टिक म्हणजे कोण?

हे नाव आपण आज बऱ्याच निरनिराळ्या गटांना सरसकट लावतो. त्यांच्यात मतभेद भरपूर होते, पण कथेचा सांगाडा साधारण सारखा. खरा परमेश्वर दूर आणि अगम्य. त्याच्यापासून दिव्य शक्तींची मालिका प्रकटली. त्यातल्या शेवटच्या सोफियाच्या हातून आगळीक घडली आणि त्या गडबडीतून एक खालचा कारागीर देव जन्मला. आपलं जग त्याने घडवलं. काही माणसांमध्ये मात्र वरच्या जगाचा अंश अडकून पडला आहे. आपण कोण, कुठून आलो, कुठे चाललो हे ज्ञान झालं की तो अंश सुटतो.

या मंडळींतला सगळ्यात हुशार माणूस व्हॅलेंटिनस. शिक्षण अलेक्झांड्रियात, आणि इ.स. १४०च्या सुमाराला तो रोममध्ये होता. आपण बिशप होऊ अशी त्याला आशा होती, असं कार्थेजचा टर्टुलियन सांगतो. टर्टुलियनची जीभ तिखट होती, तेव्हा त्याचं बोलणं जपूनच घ्यावं. व्हॅलेंटिनसच्या शिष्यांनी आदामाच्या तीन मुलांवरून माणसांचे तीन प्रकार लावले. काइन जडांचा, हाबेल मधल्यांचा, शेथ आत्मिकांचा. सामान्य ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चमध्ये येणारी, उपास करणारी, दानधर्म करणारी माणसं, मधल्या गटात. त्यांनी सत्कर्म करत राहावं, त्यांना मधल्या जागेपर्यंत पोचता येईल. आत्मिकांना त्याची गरज नव्हती.

ही शिकवण निव्वळ अहंकारातून आली म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यामागचा प्रश्न खरा होता. एकच प्रवचन दोघं ऐकतात. एकाचं आयुष्य बदलतं, दुसरा जांभई देतो. का? येशूनेच सांगितलंय की चांगल्या झाडाला वाईट फळ येत नाही आणि वाईट झाडाला चांगलं येत नाही. मग झाडं मुळातच वेगळी असतील तर? आणि जग एका चांगल्या देवाने केलं असेल तर त्यात एवढं दुःख कुठून आलं? नॉस्टिकांनी या प्रश्नांना बगल दिली नाही. त्यांच्या उत्तराची किंमत मात्र जबर होती.

नियती आणि जस्टिन

त्या काळच्या भूमध्य समुद्राच्या काठी नियतीवर विश्वास ठेवणं यात काही विशेष नव्हतं. ज्योतिषी गल्लोगल्ली होते आणि स्टोइक तत्त्वज्ञ जगाची सगळी घडामोड कार्यकारणाच्या साखळीत बांधत होते. आजच्या नाब्लसजवळ जन्मलेला जस्टिन रोममध्ये तत्त्वज्ञान शिकवायचा. १५५च्या सुमाराला त्याने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. त्यातला त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: सगळं नियतीनेच घडत असेल तर कुणाला शाबासकी देता येणार नाही आणि कुणाला दोषही. पुढे तो एक साधं निरीक्षण जोडतो. एकच माणूस कधी चांगला वागतो, कधी वाईट. आज इकडे असतो, उद्या पलटतो. चांगलं किंवा वाईट असणं जन्माबरोबर ठरलं असतं तर हे पलटणं दिसलंच नसतं.

हे निरीक्षण लक्षात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येकजण ते आपापल्या परीने वापरतो.

लियोंचा बिशप

आयरेनियस मूळचा स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. लहानपणी त्याने तिथल्या वृद्ध बिशप पॉलिकार्पला बोलताना ऐकलं होतं. पुढे तो गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लियोंला आला. इ.स. १७७मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांवर भयंकर छळ झाला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस कैदेत मेला आणि त्याच्या जागी आयरेनियस आला. त्या छळाची हकिगत लियोंच्या मंडळीने पत्रातून कळवली होती, ती चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने जपून ठेवली आहे. त्यात ब्लांडिना नावाची दासी आहे. शरीराने दुबळी म्हणून ही टिकेल की नाही अशी तिच्या मालकिणीलाही धास्ती होती. छळणारे थकले, ती हलली नाही. आणि बिब्लिस नावाची एक बाई आहे. तिने आधी भिऊन विश्वास नाकारला होता. बाकीच्यांविरुद्ध तिच्याकडून काही वदवून घ्यावं म्हणून तिला पुन्हा यातना दिल्या, तेव्हा ती उलट म्हणाली की मी ख्रिस्ती आहे. तिची गणना हुतात्म्यांत झाली.

ब्लांडिना कुठल्या प्रकारात बसवायची? बिब्लिस सकाळी एका प्रकारची आणि संध्याकाळी दुसऱ्या? आयरेनियस इच्छास्वातंत्र्यावर लिहिताना या बायकांची नावं घेत नाही. पण ज्या गावात हे घडलं, त्याच गावात बसून तो लिहीत होता, हे विसरून त्याचं लिखाण वाचता येत नाही.

१८०च्या सुमाराला त्याने नॉस्टिकांविरुद्ध पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीक, आज तो संपूर्ण मिळतो तो लॅटिन भाषांतरात. पहिल्या खंडात तो विरोधकांचं म्हणणं मांडतो. व्हॅलेंटिनसचे अनुयायी म्हणत, सोनं चिखलात पडलं तरी सोनंच राहतं, तसा आत्मिक माणूस काहीही करो, बिघडत नाही. म्हणून त्यांच्यातले काहीजण मूर्तींना वाहिलेलं मांस खुशाल खातात, ग्लॅडिएटरांच्या झुंजी बघायला जातात, असा आयरेनियसचा आरोप आहे. आरोपात अतिशयोक्ती असेलही. पण आपली माणसं अँफिथिएटरमध्ये जनावरांच्या तोंडी दिली गेलेली असताना शेजारचा कुणी 'सोन्याला चिखलाचं काय' म्हणत खेळ बघायला जातो, ही कल्पनाच त्याच्या जिव्हारी लागली असणार.

उत्तर चौथ्या खंडाच्या शेवटाकडे येतं, तेही येशूच्या तोंडच्या तक्रारीपासून. यरुशलेमेच्या लेकरांना कोंबडी पिलांना घेते तसं पंखाखाली घ्यायची मला किती इच्छा होती, पण तुमची नव्हती. आयरेनियस इथे बोट ठेवतो: देवाची इच्छा होती, माणसांची नव्हती, आणि देवाने बळजबरी केली नाही. काही माणसं स्वभावतः चांगली आणि काही स्वभावतः वाईट घडवली असती तर चांगल्यांचं कौतुक कशाबद्दल? ती तशीच घडवली होती. आणि वाईटांना दोष तरी कशाचा? संदेष्ट्यांनी एवढा घसा कोरडा केला, येशूने एवढा उपदेश केला. ज्याला बदलताच येत नाही त्याला कुणी उपदेश करतं का? शिवाय नुसती कृतीच नव्हे, विश्वास ठेवणं हेसुद्धा माणसाच्या अखत्यारीत आहे, असं तो आवर्जून सांगतो. हा टोला थेट त्या मधल्या गटाच्या सिद्धांताला आहे. जे थिओडोटस मधल्यांपुरतं ठेवतो ते आयरेनियस सगळ्यांना वाटून टाकतो.

मग तो विरोधकांची सगळ्यात अवघड शंका स्वतःच पुढे आणतो. देवाने माणूस पहिल्यापासून परिपूर्ण का घडवला नाही? म्हणजे हा सगळा घोळच झाला नसता. आयरेनियसचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात आदामाबद्दल तुच्छता नाही. तो म्हणतो, आई तान्ह्या बाळाला जड अन्न देऊ शकते, पण बाळाला ते पचणार नाही. देव परिपूर्णता देऊ शकला असता. नुकत्याच निर्माण झालेल्या माणसाला ती पेलली नसती. आदाम त्याच्या लेखी उंचीवरून कोसळलेला वीर नाहीच, ते चुका करत वाढणारं मूल आहे. आंधळेपण अनुभवलेल्याला दृष्टीची किंमत अधिक, आजारातून उठलेल्याला आरोग्याची. तसं निवडून, धडपडून मिळवलेलं चांगलंच माणसाला आपलं वाटतं.

आणि शेवटी मातीचा दृष्टांत. तू देवाला घडवत नाहीस, देव तुला घडवतो. तेव्हा त्याच्या हाताची वाट बघ. मन मऊ ठेव, ओल जाऊ देऊ नकोस. वाळून कडक झालास तर त्याच्या बोटांचे ठसे पुसले जातील. यात माणसाचं स्वातंत्र्य केवढं आहे बघा. घडवायचं कौशल्य त्याच्याकडे नाही, फक्त ओल टिकवणं त्याच्याकडे आहे. पण ते प्रत्येकाकडे आहे.

बासिलिडीसचा मुलगा

नॉस्टिक म्हणजे सरसकट 'आमच्या हातात काही नाही' म्हणणारे, असं समजू नये. व्हॅलेंटिनसच्या थोडा आधी अलेक्झांड्रियात बासिलिडीस शिकवत होता. विश्वास हा काहींच्या प्रकृतीतच असतो, असं तो म्हणे. क्लेमंटने त्याला सरळ विचारलं: तसं असेल तर विश्वास ठेवणाऱ्याचं कर्तृत्व काय आणि न ठेवणाऱ्याचा गुन्हा काय?

पण बासिलिडीसचा मुलगा इसिडोर याला हा धोका आपणहूनच दिसला होता. मनाला बाहेरून चिकटलेल्या विकारांमुळे माणूस वाईट वागतो, असं त्यांच्या पंथात मानत. इसिडोर लिहितो, हे लोकांना पटवून दिलं तर दुष्टांना आयतीच सबब मिळेल: मला भाग पाडलं गेलं, मी ओढला गेलो, माझी इच्छा नव्हती. म्हणून विवेकाने त्या विकारांवर ताबा मिळवलाच पाहिजे, असं तो बजावतो. हा उताराही टिकला तो क्लेमंटच्या ग्रंथात. विरोधकाची बाजू इतक्या प्रामाणिकपणे उतरवून ठेवणारा क्लेमंटसारखा माणूस त्या काळात विरळाच.

एडेसामधला संवाद

आता सीरियाच्या अंगाला जाऊ. एडेसा, आजचं तुर्कस्तानातलं उर्फा. तिथे राजदरबारात वावरणारा बार्दैसान (१५४ ते २२२) हा कवी, तत्त्वज्ञ आणि एके काळचा ज्योतिषाचा अभ्यासक. त्याच्या शिष्याने लिहिलेला एक सिरियाक संवाद आपल्यापर्यंत पोचला आहे. त्याला 'देशोदेशींच्या कायद्यांचा ग्रंथ' म्हणतात. अवीदा नावाचा तरुण विचारतो: देव एकच असेल तर त्याने माणसाला पाप करताच येणार नाही असं का घडवलं नाही?

बार्दैसान म्हणतो, मग माणूस दुसऱ्याच्या हातातलं वाद्य झाला असता. वाद्य चांगलं वाजलं तर श्रेय वाजवणाऱ्याचं. यापुढचा त्याचा मुद्दा मला या सगळ्या वादातला सगळ्यात लोकशाही मुद्दा वाटतो. आपल्याला ज्या आज्ञा आहेत त्या बघा, तो म्हणतो. दगड-लाकडाची ओझी उचला अशी आज्ञा नाही. ते धट्ट्याकट्ट्यांनाच जमतं. किल्ले बांधा, शहरं वसवा अशी नाही. ते राजांचं काम. जहाज हाका अशीही नाही. त्याला नावाड्याची विद्या लागते. चोरी करू नका, खोटं बोलू नका, द्वेष करू नका, एवढंच सांगितलंय. हे गरिबाला जमतं, आजाऱ्याला जमतं, म्हाताऱ्यालाही जमतं.

नियतीला तो पुरती हाकलून देत नाही. जन्मणं, वाढणं, म्हातारं होणं, मरणं हा निसर्ग. श्रीमंती-गरिबी, आजार-आरोग्य यांत नियतीचा हात. आणि चांगलं-वाईट वागणं हे स्वातंत्र्य. व्हॅलेंटिनसच्या मंडळींनी माणसांचे तीन प्रकार केले. बार्दैसानने तिन्ही सत्ता एकेका माणसाच्या आत आणून बसवल्या.

ग्रहतारेच माणसाचं वागणं ठरवतात म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून तो देशोदेशींच्या रीती सांगत सुटतो. त्यात भारतही आहे. भारतात हजारो ब्राह्मण आहेत, ते हत्या करत नाहीत, मांस खात नाहीत, मद्य पीत नाहीत. आणि त्याच देशात याच्या अगदी उलट वागणारेही आहेत. ती सगळी काय वेगवेगळ्या नक्षत्रांवर जन्मली? ज्यू लोक जिथे जातील तिथे आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, त्या दिवशी ग्रह कुठे आहेत हे न बघता. त्याच्या गावचाच एक दाखला तर बिनतोड आहे. एडेसामध्ये तरअता देवीसाठी पुरुष स्वतःला खच्ची करून घेत. राजा अबगारने हुकूम काढला की असं करणाऱ्याचा हात तोडला जाईल. प्रथा बंद पडली. एका हुकुमाने ताऱ्यांचा प्रभाव संपला काय? (भारताबद्दलची माहिती त्याला कुठून मिळाली असेल? रोमच्या सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलांशी त्याची गाठ पडली होती असं तत्त्वज्ञ पोर्फिरी सांगतो.)

गंमत अशी की हाच बार्दैसान पुढे पाखंडी ठरला आणि चौथ्या शतकात एफ्रेम या सिरियाक कवीने त्याच्याविरुद्ध लिहिलं. म्हणजे नॉस्टिक एकीकडे आणि चर्च दुसरीकडे अशी सरळ रेघ ओढायला गेलं की असा एखादा माणूस त्या रेघेवरच उभा सापडतो.

फारोचं काळीज

नॉस्टिकांच्या आणि जुन्या कराराचा देव वेगळा व खालचा मानणाऱ्या मार्सिऑनच्या अनुयायांच्या हातातलं सगळ्यात धारदार शस्त्र बायबलमध्येच होतं. निर्गमच्या पुस्तकात इजिप्तचा राजा फारो इस्राएल लोकांना सोडायला तयार नसतो, आणि देव म्हणतो, मी फारोचं मन कठीण करीन. देवानेच मन कठीण केलं तर फारोचा दोष काय? आणि पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय: याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते तेव्हाच एकाची निवड झाली, कुंभाराने एक भांडं मानाचं करावं, एक हलक्या कामाचं, मातीने त्याला जाब विचारू नये.

या शस्त्राशी दोन हात केले ओरिजेनने. जन्म १८५च्या सुमाराचा, अलेक्झांड्रियाचा. नंतरचं आयुष्य पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात. 'मूलतत्त्वांविषयी' या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाची सुरुवातच इच्छास्वातंत्र्यापासून होते. आधी तो हालचालीचे प्रकार सांगतो. दगड, लाकूड बाहेरून ढकललं तर हलतं. कोळी जाळं विणतो, मधमाशी मेण बनवते. समोर काही आलं की आतून प्रेरणा उठते आणि ती पार पडते. माणसाच्या बाबतीत प्रेरणा उठणं आणि ती पार पडणं यांच्यामध्ये विवेक उभा असतो. ब्रह्मचर्याचा निश्चय केलेल्या माणसासमोर एखादी स्त्री आली आणि त्याचा निश्चय मोडला, तर 'तिनेच मोडला' म्हणता येणार नाही. तशाच प्रसंगातून दुसरा माणूस निश्चय राखून बाहेर पडतो. समोर काय येईल ते आपल्या हातात नाही, त्याला काय म्हणायचं ते आहे.

मग फारो. ओरिजेनचा पहिलाच प्रश्न खोचक आहे. फारो जर मुळातच नाश पावणाऱ्या प्रकृतीचा होता, तर देवाला त्याचं मन कठीण करायची गरज काय होती, आणि तीही पुन्हा पुन्हा? तो तसाही ऐकणार नव्हताच की! ज्याअर्थी मन कठीण करावं लागलं त्याअर्थी ते मऊ असू शकत होतं. म्हणजे विरोधकांनी पुढे केलेलं वचनच त्यांच्या सिद्धांताच्या मुळावर आलं.

पण देवाने ते कठीण केलं ते का, हा प्रश्न उरतोच. ओरिजेन म्हणतो, एकाच पावसाने एका शेतात पीक येतं आणि पडीक रानात काटे. एकच सूर्य मेण वितळवतो आणि चिखल वाळवतो. देवाचे चमत्कार सगळ्यांपुढे सारखेच झाले. कुणी वितळलं, कुणी वाळलं. याहून घरगुती दाखलाही त्याच्याकडे आहे. प्रेमळ मालक बिघडलेल्या नोकराला म्हणतो, 'मीच तुला बिघडवलं.' खरा अर्थ असतो, मी सांभाळून घेतलं आणि तू त्याचा गैरफायदा घेतलास. देवाचं बोलणंही तसंच घ्यावं.

कुंभाराच्या दृष्टांतावर त्याचं उत्तर एका ओळीत सांगता येतं. पौल म्हणतो, कुंभार एकाच गोळ्यातून दोन्ही भांडी करतो. एकाच गोळ्यातून! मग वेगळ्या प्रकृती आल्या कुठून? याला तो तिमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं वचन जोडतो: जो स्वतःला शुद्ध करील तो मानाचं भांडं होईल.

याकोब-एसावाचं काय? आणि जन्मजात विषमतेचं? मार्सिऑन, व्हॅलेंटिनस आणि बासिलिडीस यांचे अनुयायी विचारत: एकजण सुसंस्कृत घरी जन्मतो, दुसरा नरमांस खाणाऱ्या टोळीत, हे न्यायी देवाचं काम कसं? ओरिजेनने दिलेल्या उत्तराने त्याला पुढे फार छळलं. त्याच्या मते सगळे विवेकी जीव आरंभी अगदी सारखे होते. देवापासून कोण किती दूर गेला ते प्रत्येकाने स्वतःच ठरवलं, आणि त्याप्रमाणे त्याला जन्म मिळाला. मराठी वाचकाला इथे पूर्वसंचित आठवल्याशिवाय राहणार नाही. साम्य आहेच. पण आपल्याकडे बहुतेक दर्शनं संसार अनादी मानतात; ओरिजेनला सगळ्यात महत्त्वाची होती ती सुरुवातीची रेषा, जिथे सगळे बरोबरीने उभे होते. विषमता न्यायाने समजावण्यासाठी त्याने समतेचा एक आरंभ गृहीत धरला. चर्चला ते मानवलं नाही. ५४३मध्ये सम्राट जस्टिनियनने आत्म्यांच्या पूर्व-अस्तित्वाच्या मताविरुद्ध फर्मान काढलं. इच्छास्वातंत्र्याचा तो अध्याय मात्र मूळ ग्रीकमध्ये टिकला, कारण चौथ्या शतकात ओरिजेनच्या चाहत्यांनी निवडक उताऱ्यांच्या संग्रहात तो घेऊन ठेवला होता.

विरोधकांची बाजू

इथवर आपण बहुतेक जिंकलेल्यांचं ऐकलं. १९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ तेरा कॉप्टिक हस्तलिखितं सापडली आणि नॉस्टिकांचं बोलणं त्यांच्याच तोंडून ऐकता आलं. त्यातल्या व्हॅलेंटिनसच्या परंपरेतल्या एका मोठ्या ग्रंथात तीन प्रकार आहेत, पण तिथे प्रत्येक प्रकार त्याच्या फळावरून ओळखला जातो, म्हणजे ख्रिस्त आल्यावर कोण कसा वागला त्यावरून. हे जन्मावरून शिक्का मारण्याइतकं कडक नाही. म्हणून 'नॉस्टिक म्हणजे नियतिवादी' हे समीकरण बरेच अभ्यासक आज मानत नाहीत. थिओडोटसच्या वचनांतही आहे की बाप्तिस्म्यापर्यंत नियती खरी, त्यानंतर ज्योतिष्यांचं भाकीत लागू पडत नाही. नियतीतून सुटणं हेच तर या मंडळींचं वचन होतं. माझं मत असं की आयरेनियसने विरोधकांचा सिद्धांत जरा जास्तच ताठ करून मांडला. पण 'थोडेच आत्मिक' ही मोजणी त्याने पदरची घातलेली नाही.

ऑगस्टिनचं वळण

पुढे तिसऱ्या शतकात मानीचा धर्म आला: प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वं, आणि माणसातलं पाप अंधाराचं. पुढे हिप्पोचा बिशप झालेला ऑगस्टिन तरुणपणी नऊ वर्षं त्यात होता. बाहेर पडल्यावर त्याने आधीच्यांचीच शस्त्रं उचलली. ऑगस्ट ३९२मध्ये हिप्पो शहरात, सोसियसच्या स्नानगृहात, फॉर्च्युनाटस या मानीपंथी आचार्याशी त्याचा दोन दिवस जाहीर वाद झाला. लेखनिकांनी तो शब्दशः उतरवला. स्वेच्छेशिवाय पाप नाही, असं ऑगस्टिन बजावत होता. फॉर्च्युनाटसने पौलाचीच वचनं काढली: जे चांगलं करायचं ठरवतो ते माझ्या हातून होत नाही. ऑगस्टिनला जागा बदलावी लागली. त्याने सवयीचा दाखला दिला. शपथ घ्यायची खोड लागलेल्याला कितीही नको वाटलं तरी जिभेवरून शपथ निसटते. सुरुवात स्वेच्छेने झाली, बेडी मग पडली. पहिल्या माणसाने स्वातंत्र्याने पाप केलं, आणि त्याच्या वंशात आलेले आपण अपरिहार्यतेत अडकलो. फॉर्च्युनाटस निरुत्तर होऊन गाव सोडून गेला. पण ऑगस्टिनही दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या जागी उभा नव्हता.

माणूस आपल्या इच्छेने चांगलं वागू शकतो म्हणणाऱ्या पेलेजियसशी पुढे भांडताना तो आणखी सरकला. पापात अडकलेली इच्छा आपल्या बळावर चांगल्याकडे वळू शकत नाही. कृपा आधी यावी लागते, आणि ती कुणावर यावी हे देव ठरवतो. तू मानीलाच मागच्या दाराने आत घेतलंस, असा आरोप पेलेजियसच्या बाजूच्या, एक्लानमच्या बिशप ज्यूलियनने केला. त्याला उत्तर लिहीत असतानाच ४३०मध्ये ऑगस्टिन वारला. ग्रीक भाषेतलं पूर्वेकडचं चर्च त्याच्या वाटेने गेलं नाही.

ज्यूलियनचा आरोप मला अर्धाच पटतो. ऑगस्टिनने माणसांचे प्रकार कधीच केले नाहीत. रोमकरांच्या पत्रातला तो एकच गोळा त्याने शेवटपर्यंत धरून ठेवला, सगळेच त्यातले, बिशपसुद्धा. आयरेनियसने आणि ओरिजेनने ज्यासाठी भांडण मांडलं होतं तेवढं त्याने राखलं. पण नॉस्टिकांचा मूळ प्रश्न, हाच का आणि तो का नाही, पुन्हा दारात आला, आणि या खेपेला 'त्याने स्वतः निवडलं' हे उत्तर हाताशी नव्हतं. देवाचे न्याय गूढ आहेत, एवढंच ऑगस्टिन सांगू शकला.